दहा वेळा ०.१

एका छोट्या प्रोग्रॅममध्ये मी ०.१ ही संख्या दहा वेळा मिळवली आणि बेरीज १ झाली का, असं यंत्राला विचारलं. उत्तर आलं, नाही. बेरीज छापून पाहिली तर ०.९९९९९९९९९९९९९९९९. तोच हिशेब ६४ ऐवजी ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ लिहायचं एक घर) संख्यांनी केला तेव्हा आली १.००००००१. एकदा कमी, एकदा जास्त.

"फ्लोटिंग पॉइंटमध्ये असं होतंच" (फ्लोटिंग पॉइंट म्हणजे अपूर्णांक असलेल्या संख्या यंत्रात साठवायची रीत) हे वाक्य मी बरीच वर्षं ऐकत आले होते आणि दुसऱ्यांना ऐकवतही आले होते. त्या दिवशी मात्र ते पुरेना. होतं म्हणजे नेमकं कुठल्या पायरीला होतं? कितीने होतं? एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता येत नव्हतं. म्हणून चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसले. स्वतःला एकच अट घातली: प्रत्येक बेरीज आधी हाताने पूर्ण करायची, उत्तर लिहायचं, आणि मगच यंत्राने साठवलेले बिट उघडून ताडून बघायचे.

३२ बिटांचीच मांडणी घेतली, कारण ती वहीच्या एका ओळीत मावते. डावीकडचा पहिला बिट चिन्हाचा, पुढचे आठ घातांकाचे (२ चा कितवा घात ते सांगणारे), उरलेले तेवीस अपूर्णांकाचे. १९८५ साली आयईईई ७५४ हे मानक आलं तेव्हापासून बहुतेक यंत्रं हीच मांडणी वापरतात. घातांक ऋणही असू शकतो, पण त्यासाठी वेगळं चिन्ह ठेवलेलं नाही. खऱ्या घातांकात १२७ मिळवून जे येतं ते लिहायचं. म्हणजे घातांक २ असेल तर १२९, −२ असेल तर १२५. इथवर सगळं पाठ होतं.

पहिली बेरीज मुद्दाम सोपी घेतली, ६.५ अधिक ०.३७५. द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं तर, ६.५ म्हणजे ११०.१. बिंदू सरकवून पहिल्या १ च्या लगेच मागे आणला की १.१०१ आणि घातांक २. तसंच ०.३७५ म्हणजे ०.०११, म्हणजे १.१ आणि घातांक −२. आता बेरीज करायची तर दोघांचे घातांक सारखे हवेत. शाळेत दशांश अपूर्णांकांची बेरीज करताना बिंदूखाली बिंदू मांडायला शिकवतात, त्यातलीच ही गोष्ट. घातांकांतला फरक ४, म्हणून लहान संख्या चार घरं उजवीकडे सरकवली, बेरीज केली, आणि उत्तर आलं ६.६२५.

खरं उत्तर ६.८७५. पाव कमी.

दोन वेळा पुन्हा केली, दोन्ही वेळा पाव कमीच आली. चूक सापडायला वेळ लागला, कारण बेरजेत चूक नव्हतीच. बिंदूच्या डावीकडचा १ साठवायचा नसतो. प्रत्येक सामान्य संख्येत तो असतोच, मग त्यावर एक बिट कशाला घालवायचा, असा विचार त्यामागे आहे. मी वहीत साठवलेले बिट उतरवून घेतले आणि तेच सरकवले. तो न लिहिलेला १ सरकवायचा राहून गेला. चार घरं सरकलेला तो १, घातांक २ धरून, बरोबर ०.२५ होतो. तो परत आणला आणि मांडणी अशी झाली:

१.१०१००
०.०००११
१.१०१११

घातांक २ लावला की ११०.१११, म्हणजे ६.८७५. हा अदृश्य १ मला कितीतरी वर्षांपासून माहीत होता. पण माहीत असणं आणि हिशेबात धरणं यांत पाव इतकं अंतर असतं, हे मला त्या ओळीने दाखवलं. त्यानंतर प्रत्येक बेरजेची सुरुवात मी तो १ वेगळ्या रंगाने लिहून केली.

पुढची बेरीज ७.५ अधिक ०.७५. इथे हातचा थेट बिंदूच्या डावीकडे गेला आणि १०.०००१ असं आलं. बिंदूच्या डावीकडे दोन घरं चालत नाहीत, म्हणून एक घर उजवीकडे सरकवायचं आणि घातांक एकाने वाढवायचा: १.००००१, घातांक ३, म्हणजे ८.२५. यात अडचण काही नाही. पण ही एका घराची सरक पुढे सगळा निकाल फिरवते, म्हणून सांगून ठेवते.

आतापर्यंतच्या बेरजा तेवीस घरांत आरामात मावत होत्या. खरा प्रश्न मावत नाही तेव्हाचा. त्यासाठी १,६७,७७,२१६ घेतली, म्हणजे २ चा २४ वा घात, आणि तिच्यात नुसता १ मिळवायचं ठरवलं. मोठ्या संख्येत एकच १ आणि त्यामागे तेवीस शून्यं. लहान १ ला चोवीस घरं सरकवलं तर तो चोविसाव्या घरात जाऊन बसतो. आणि घरं तर तेवीसच. म्हणजे बाहेर पडलेला भाग शेवटच्या घराच्या बरोबर निम्मा.

शाळेतला नियम असा, की निम्मं किंवा त्याहून जास्त असेल तर वर ढकलायचं. तसं केलं आणि १,६७,७७,२१८ लिहिलं. यंत्र म्हणालं १,६७,७७,२१६, म्हणजे १ मिळवून संख्या होती तिथेच. मग १,६७,७७,२१८ मध्ये १ मिळवून पाहिला. आता यंत्राचं उत्तर १,६७,७७,२२०. मिळवला १, वाढले २.

या दोन उत्तरांना एकाच नियमाने बांधता येतं हे कळलं, तेव्हा मी वहीवर पेन्सिल ठेवून बराच वेळ नुसती बघत बसले. नियम असा: बाहेर पडलेला भाग निम्म्याहून कमी असेल तर सोडून द्या, जास्त असेल तर वर ढकला, आणि बरोबर निम्मा असेल तर अशा बाजूला जा की शेवटचा बिट ० होईल. पहिल्या संख्येचा शेवटचा बिट ० होता, म्हणून ती जागची हलली नाही. दुसरीचा १ होता, म्हणून ती वर गेली. निम्मं नेहमी वरच ढकललं तर हजारो बेरजांत सगळा कल एकाच दिशेला जाईल. समेकडे, म्हणजे शेवटचा बिट ० असलेल्या सम संख्येकडे, ढकललं तर कधी वर, कधी खाली. हा नियम ठरवणाऱ्यांनी लांबच्या हिशेबाचा विचार केला होता. मानकामागचं मोठं नाव विल्यम कहान यांचं. त्यांना १९८९ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, संगणकशास्त्रातला मोठा सन्मान. कागदावर ही दोन उत्तरं शेजारी शेजारी लिहिल्यावर त्या पुरस्काराबद्दलचा माझा आदर फार वाढला.

पण "बरोबर निम्मा" हे ठरवायचं कसं? इथे मी वहीचं पान आडवं केलं. १,६७,७७,२१६ मध्ये १ ऐवजी १ च्या लगेच पुढची संख्या मिळवायची ठरवली. ३२ बिटांत ती म्हणजे बिंदूनंतर बावीस शून्यं आणि तेविसाव्या घरात १. चोवीस घरं सरकवल्यावर तिचा पहिला १ चोविसाव्या घरात येतो आणि शेवटचा १ सत्तेचाळिसाव्या. मध्ये सगळी शून्यं. त्या दूरच्या एका बिटामुळे बाहेरचा भाग निम्म्याहून कणभर जास्त होतो, आणि उत्तर १,६७,७७,२१६ न राहता १,६७,७७,२१८ होतं. सत्तेचाळीस घरं मी खरोखर आखली होती. आखून झाल्यावर ध्यानात आलं, की एवढ्यांची गरज नाही. बाहेर पडणारे पहिले दोन बिट नीट जपायचे, आणि त्यांच्यामागे कुठेही एखादा १ आहे की नाही एवढीच एक खूण ठेवायची. त्या तीन बिटांना गार्ड, राउंड आणि स्टिकी म्हणतात. स्टिकी हे नाव चपखल आहे: सरकताना त्या घरात एकदा १ आला की तो चिकटतो, मागून कितीही शून्यं आली तरी सुटत नाही. मला हे तीन बिट नेहमी यंत्र बनवणाऱ्यांची काटकसर वाटायचे. हाताने सत्तेचाळीस घरं ओढल्यावर वाटलं, कुणाच्या तरी डोक्यात हे पहिल्यांदा आलं असेल तेव्हा त्याला किती हलकं वाटलं असेल.

आता ०.१ कडे जायला मी तयार होते. दशमानातून द्विमानात न्यायची रीत सोपी: दुप्पट करत जायचं आणि बिंदूच्या डावीकडे आलेला अंक उतरवून घ्यायचा. ०.२, ०.४, ०.८, १.६, १.२, पुन्हा ०.४, ०.८, १.६, १.२. ही फिरकी थांबत नाही. एक तृतीयांश दशमानात जसा संपत नाही, तसा एक दशांश द्विमानात संपत नाही. तेवीस घरांवर तोडून, नियमाप्रमाणे वर ढकलून हे मिळालं, घातांक −४:

१.१००१ १००१ १००१ १००१ १००१ १०१

शेवटचे तीन बिट १०१ आहेत, ते ध्यानात ठेवा. तेच पुढे प्रत्येक पायरीला भेटणार आहेत.

आधी प्रसिद्ध बेरीज, ०.१ अधिक ०.२. ०.२ चे बिट हेच, फक्त घातांक −३. ०.१ एक घर सरकवला, एक बिट बाहेर पडला. बेरजेत हातचा डावीकडे आला, आणखी एक घर सरक, म्हणजे बाहेर दोन बिट: ११. निम्म्याहून जास्त, वर ढकला. आलेले बिट ०.३ च्या बिटांशी ताडून पाहिले तर तंतोतंत तेच! ३२ बिटांत ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ होतात. ज्या बेरजेची इतकी चर्चा ऐकली होती ती इथे बिनतक्रार जुळत होती.

मग ६४ बिटांत काय बिघडतं? तिथे बावन्न घरं. दोन पानं चिकटवून तीही मांडली. तेवढ्या लांबीवर ०.१ चा शेवट १०१० असा होतो. सरक, बेरीज, हातचा, पुन्हा सरक, आणि बाहेर पडलेले बिट आले १०. बरोबर निम्मे! राखलेल्या भागाचा शेवट होता ००११, म्हणजे शेवटचा बिट १. नियम सांगतो समेकडे जा, म्हणून ०१००. ०.३ ही संख्या मात्र स्वतंत्रपणे साठवताना ००११ वरच थांबते, कारण तिचा उरलेला भाग निम्म्याहून कमी आहे. या एका बिटाच्या फरकापोटी पडद्यावर ०.३०००००००००००००००४ दिसतं. हे उत्तर मी शेकडो वेळा पाहिलं असेल, पण ते काटा बरोबर मध्यावर येऊन समेच्या नियमाने झुकल्याचं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. आपण म्हणतो "अचूकता कमी पडली". पण कमी घरांत जुळलं आणि जास्त घरांत जुळलं नाही, त्याला अचूकता कमी पडणं कसं म्हणायचं?

शेवटी दहा वेळा ०.१, ३२ बिटांत, एकेक पायरी. इथे मी एक सोय केली. ०.१ च्या शेवटच्या घराची किंमत २ चा −२७ वा घात. त्याला "दाणा" म्हटलं आणि सगळं दाण्यांत मोजलं. १ म्हणजे १३,४२,१७,७२८ दाणे. खरा एक दशांश १,३४,२१,७७२.८ दाण्यांचा, पण साठवलेला ०.१ आहे १,३४,२१,७७३ दाण्यांचा. म्हणजे सुरुवातीलाच प्रत्येक ०.१ मागे ०.२ दाणा जास्त, दहांचे मिळून २ दाणे. हा झाला आरंभीचा जमेचा आकडा.

दुसरी पायरी नुसती दुप्पट, तिथे काही सांडत नाही. तिसऱ्या पायरीला, वर सांगितल्याप्रमाणे, बाहेर पडले ११, वर ढकलले, एक दाणा जमा. चौथ्या पायरीला बेरजेचा घातांक −२ आहे, म्हणून ०.१ दोन घरं सरकतो आणि त्याचे शेवटचे दोन बिट ०१ बाहेर पडतात. निम्म्याहून कमी, सोडून दिले, एक दाणा खर्च. पाचव्या पायरीला पुन्हा ०१ बाहेर, वर हातच्याची सरक, म्हणून ००१. तेही सोडले, आणखी एक दाणा खर्च. आणि इथे बेरीज झाली बरोबर ०.५. एक बिट इकडे नाही, एक तिकडे नाही. ती ओळ मी तीनदा तपासली, कारण पाच चुकीच्या संख्यांची बेरीज बिनचूक येईल असं मला वाटलंच नव्हतं.

सहावी ते नववी या चार पायऱ्यांत बेरीज ०.५ आणि १ च्या मध्ये फिरते, घातांक −१ वर स्थिर. ०.१ दर वेळी तीन घरं सरकतो, आणि दर वेळी त्याचे तेच शेवटचे तीन बिट बाहेर पडतात: १०१. आठात पाच, निम्म्याहून जास्त, वर ढकला. पुढच्या पायरीला पुन्हा १०१, पुन्हा वर. पुन्हा. पुन्हा. समेच्या नियमाचा इथे उपयोग नाही, कारण एकदाही बरोबर निम्मं येत नाही. प्रत्येक वेळी तीन दाणे जमा, चार पायऱ्यांत बारा. मी आजवर मानत होते, की या चुका यदृच्छेने कधी वर कधी खाली जातात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. वहीत तर त्या ओळीने एकाच बाजूला जाताना दिसत होत्या, आणि त्याचं कारणही त्याच ओळीत लिहिलेलं होतं: तीच संख्या, तीच सरक, तेच तीन बिट.

दहावी पायरी. सरक तीन घरांची, पण बेरीज १ ओलांडते, म्हणून हातच्याची आणखी एक. राखलेल्या भागाचा शेवटचा १ ही बाहेर येतो आणि सांडलेले बिट होतात ११०१. सोळात तेरा. वर ढकलले, तीन दाणे जमा.

पानाच्या तळाशी जमाखर्च मांडला. आरंभीचे २. तिसऱ्या पायरीचा १ जमा, चौथीचा १ खर्च, पाचवीचा १ खर्च. सहावी ते नववी १२ जमा. दहावीचे ३ जमा. बेरीज १६ दाणे. १ च्या वर ३२ बिटांत जी लगेचची पुढची संख्या आहे, ती १ पासून बरोबर १६ दाण्यांवर असते. मग यंत्राचे बिट उघडले: घातांक ०, बावीस शून्यं, आणि तेविसाव्या घरात १.